कुंडीतील झुडपांची पाने पिवळी का पडतात?



पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या आसपास रोपवाटिका टाकणाऱ्यांना एक अनुभव नवा नाही. मोगरा, जास्वंद, इक्झोरा, कागदी लिंबू यांच्या कुंड्या पावसाळ्यात चांगल्या हिरव्या असतात; उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर आल्या की पालवी पिवळी पडते. गिऱ्हाईक अशी कुंडी उचलत नाही. मग युरियाची चिमूट टाकली जाते आणि झाड आणखी खालावते.

औषध देण्यापूर्वी पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला ते पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. अशा वेळी 10 इंची कुंडीस 2 ग्रॅम युरिया पाण्यात विरघळून द्यावा. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची उणीव समजावी; 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे. पानावर बारीक पिवळे ठिपके व खाली जाळी दिसल्यास तो कोळी होय, तेथे खताचा उपयोग नाही.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. आपल्या भागात बहुधा हेच आढळते. मातीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे व पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामू वाढतो आणि असलेले लोह मुळांना घेता येत नाही. कुंडीतील माती थोडी, पाणी मात्र रोजचे. म्हणून शेतापेक्षा येथे परिणाम लवकर दिसतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल, किंवा कोरड्या मातीवर लिंबाचा रस टाकताच बुडबुडे येत असतील, तर शंका उरत नाही.

उपाय म्हणून 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्व) व मग 50 ग्रॅम हिराकस विरघळावे. द्रावण ताजेच वापरावे, तांबूस झालेले फेकून द्यावे. प्रथम दोन-चार झाडांवर पाहून, मग संध्याकाळी सर्वांवर फवारावे व 10 दिवसांनी पुन्हा फवारावे. हिराकस नुसतेच चुनखडीच्या मातीत टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ते तेथे लगेच अडकते. कुंडीतून द्यायचेच तर ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट पाकिटावरील मात्रेने द्यावे. ईडीटीए स्वस्त मिळते, पण जास्त सामूत टिकत नाही.

तरीही गुण न आल्यास एक कुंडी उलटी करून मुळे पाहावीत. पांढरी मुळे निरोगी असतात. तपकिरी, मऊ व वास येणारी असतील तर पाणी जास्त झाले आहे. तळाचे भोक मोकळे करून, कुजलेली मुळे छाटून झाड नव्या मिश्रणात लावावे. मिश्रणात पांढरी माती घेऊ नये. पोयटा, कुजलेले शेणखत व नारळाचा भुसा समभाग घ्यावा. पत्र्यावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवता आले तर ते या झुडपांसाठीच राखावे.