गिअरबॉक्स हातानं बसतो, सरू

सरू, काल रात्री फोनवर "बरी आहे गं अक्का" म्हणालीस, तेव्हाच मला कळलं काहीतरी पोटात आहे. उद्या पहिल्यांदा एकटीनं क्लच टाकायलीस, अन् तेही नांदेडच्या गॅरेजात. चार पोरं हातातलं काम टाकून तुझ्याकडंच बघत उभी राहणार. आयटीआयची दोन वर्षं झाली, सर्टिफिकेट मिळालं, पण ते घेऊन गाडीखाली झोपता येत नाही ना. अप्पा असते तर त्यांनीच सांगितलं असतं. आता मी सांगते, ऐक.

आधी पाना उचलू नको. गिऱ्हाईक म्हणतं "क्लच गेला", आपण मान डोलवतो, अन् गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर कळतं की नुसती केबल ताणली होती. गाडीलाच विचार. हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, हळूहळू क्लच सोड. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर प्लेट धरतेय. भुर्रर्र चालूच राहिलं तर प्लेट संपली. आवाजाचंही तसंच. पेडल दाबलं की आवाज येतो, तो बहुतेक रिलीज बेरिंगचा. पेडल सोडलेलं, गाडी न्यूट्रलला, तेव्हा येतो अन् दाबल्यावर जातो, तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेरिंगचा. हे आधी कळलं तर गिऱ्हाइकाला खर्च आधीच सांगता येतो, अन् मागून वाद होत नाही.

इथं देगलूरला आपल्या उदगीर रस्त्यावर तर तीन राज्यांच्या गाड्या येतात. एमएच २६, केए ३८, पलीकडं मदनूरची तेलंगणाची. एकच बोल्ट मी दिवसातून मराठीत, तेलुगूत अन् कानडीत मागते. पण ड्रायव्हर सगळे सारखे! पाय कायम क्लचवर. सोयाबीनचे कट्टे भरलेली पिकअप मुखेडकडच्या चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरायची, ब्रेकवर पाय ठेवायचा कंटाळा. मग प्लेट जळल्याचा वास देगलूरपर्यंत. अगं, चढाचं हे दुखणं मोटारीइतकंच जुनं आहे. १८८८ साली बर्था बेंझ दोन पोरांना घेऊन नवऱ्याची मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली, शंभरावर किलोमीटर. चढ आला की पोरं खाली उतरून गाडी ढकलायची. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. रस्त्यात कार्बोरेटरची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली होती. बाईनं गाडी दुरुस्त करायची म्हणजे काही आजचं नवल नाही.

उतरवायचं तुला येतं, त्यात वेळ घालवत नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढ, गाडी स्टँडवर घे, नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर मुळीच नाही. मागचा जॉइंट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण कर, नाहीतर उलटा बसला की गाडी थरथरते अन् दोष तुझ्या क्लचवर येतो.

जुनी प्लेट निघाली की ती फेकू नको, वाच. तेलानं ओली असेल तर वास घे. गिअर ऑइलला तो कुबट गंधकासारखा वास असतो, तसा आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. ते न बदलता नवी प्लेट टाकलीस तर दोन महिन्यांत तीच गाडी परत दारात. रिव्हेट घासलेले दिसले, फ्लायव्हीलवर नख अडकेल अशा रेघा दिसल्या, निळे डाग दिसले, तर फ्लायव्हील लेथवर पाठव. गिऱ्हाईक कुरकुर करेल. करू दे.

पायलट बेरिंग विसरू नको. बारकी असते, स्वस्त असते, अन् तिच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. मागून पकड मिळत नाही म्हणून पोरं छिन्नी मारतात. त्यापेक्षा भोकात ग्रीस ठासून भर, भोकाच्या मापाचा गोल रॉड घाल अन् हातोडीचा ठोका दे. मागं जागा नाही म्हणून ग्रीसच बेरिंगला बाहेर ढकलतं. ग्रीस संपलं होतं तेव्हा मी एकदा भिजवलेली शिळी भाकरी ठासली होती. निघाली बाई बेरिंग! अप्पा म्हणाले, ज्वारीत ताकद असते.

प्लेटला दिशा असते. फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते बहुतेक प्लेटवर इंग्रजीत छापलेलं असतं. मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा सहसा गिअरबॉक्सकडं येतो, तरी छापलेलं वाच. फ्लायव्हील अन् प्रेशर प्लेट पेट्रोलनं पुसून घे, नव्या मालावरही गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो. शाफ्टच्या खाचांना ग्रीस तुरीच्या दाण्याएवढं लाव, जास्तीचं पुसून टाक. ढीगभर लावलंस तर फिरताना उडून सगळं प्लेटवर.

आता जे मी कुणाला सांगितलं नाही ते सांगते. तू तेव्हा आठवीत होतीस. अप्पा मालाला हैदराबादला गेले होते अन् एका पिकअपवाल्याला संध्याकाळी मोंढ्यात माल टाकायचा होता. मी म्हटलं, मी बसवते. प्लेट डोळ्यानं मधोमध धरली, प्रेशर प्लेट आवळली, गिअरबॉक्स वर घेतला. अर्धा इंच फट राहिली. पिकअपवाला डोक्यावर उभा, वरून दोघं-तिघं तमाशा बघायला. मला लाज वाटली गं. बोल्ट लावले अन् पान्यानं एकेक करून ओढायला लागले. फट कमी होत होती, मला वाटलं जमलं. मग कट्कन आवाज. हौसिंगचा कान तुटला. ॲल्युमिनियमचं ते, वाकत नाही, तुटतंच.

प्लेट मधोमध नव्हतीच, शाफ्ट हबच्या तोंडावर अडला होता. अप्पा रात्री आले. ओरडले नाहीत. दुसऱ्या हौसिंगचे पैसे त्यांनी भरले, अन् जुन्या गिअरबॉक्समधला कापलेला शाफ्ट माझ्या हातात दिला. तो प्लेटमधून पायलट बेरिंगपर्यंत घालायचा, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, सगळे टॉर्क पान्यानं शेवटच्या मापाला आणायचे, अन् मगच शाफ्ट काढायचा. एका बाजूनं ओढलंस तर कव्हर वाकडं होतं.

म्हणून सरू, गिअरबॉक्स हातानं बसतो. तो वर घेताना इंजिनाच्या रेषेत धर, फट चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. खाचा जुळत नसतील तर टॉप गिअर टाकून मागचा फ्लँज हातानं थोडा फिरव, शाफ्ट फिरतो अन् खाच सापडते. पिनांवर बसून तोंडाला तोंड लागेपर्यंत बोल्ट आवळायचा नाही. अडला तर खाली घे. दहा वेळा घे. पण अर्धवट शाफ्टवर लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नको, त्या वजनानं नव्या प्लेटचा हब वाकतो, मग क्लच सुटत नाही अन् सिंक्रोच्या पितळी कड्या गिअर टाकताना किरकिरून झिजतात.

पोरं हसतील. आपल्या परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात जाऊन रिक्षा चालवायला लागल्या, त्यांच्याकडं काय कमी बघितलं असेल लोकांनी? बघणाऱ्याला काम नसतं, तुला आहे.

शेवटी गिअर ऑइल भर, लेव्हलच्या बोल्टातून ओघळेपर्यंत. हसू नको, चांगले जुने मिस्त्री विसरतात. केबलची गाडी असेल तर पेडलला पुस्तकाप्रमाणं मोकळी चाल ठेव. गिऱ्हाइकाला सांग, पहिले चार-पाचशे किलोमीटर ओझं कमी अन् चढावर दमानं.

तू म्हणालीस ती पिकअप आपल्याच मापाची आहे. अप्पांचा तो शाफ्ट मी फडक्यात गुंडाळून ठेवलाय, सकाळच्या पहिल्या नांदेड एसटीत कंडक्टरजवळ देते. स्टँडवर घ्यायला जा, अन् तो हातात येईपर्यंत प्रेशर प्लेट आवळू नको.