कारखान्यांतील टाकाऊ पदार्थ : वर्ध्याचा जुना धडा, आजची जबाबदारी

कारखान्यातून पक्का माल बाहेर पडतो, त्याचबरोबर राख, धातुमळी, गाळ, सांडपाणी आणि चिंध्याही बाहेर पडतात. मालाची नोंद हिशेबाच्या वहीत होते. उरलेल्या पदार्थांचा माग मात्र पुष्कळदा गावच्या नाल्यात, गायरानात आणि विहिरीतच लागतो. म्हणूनच औद्योगिक कचऱ्याचा प्रश्न जितका कारखानदाराचा, तितकाच पंचायतीचाही आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी यांसारख्या गावांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. २०११ च्या जनगणनेत पिपरी मेघेची नोंद 'जनगणना नगर' अशी झाली. वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशा ठिकाणी घरगुती कचरा आणि लहानमोठ्या उद्योगांचा कचरा एकाच ढिगात जाण्याचा धोका मोठा असतो. सुदैवाने या प्रश्नाचा मूलभूत विचार याच परिसरात पूर्वी झालेला आहे.

मगनवाडीचा विचार

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी संघाला दिलेल्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव देण्यात आले. संघाची सूत्रे सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा हे शिक्षणाने हिशेबतपासनीस होते. निसर्गाकडून काय घेतले आणि त्याला काय परत केले, हाही हिशेबच होय, अशी त्यांची दृष्टी होती. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात त्यांनी खनिजांसारखे संपणारे साठे आणि पुन्हा पुन्हा निर्माण होणारी साधने यांतील भेद स्पष्ट केला.

मगनवाडीत हा विचार हातांनी पडताळून पाहिला गेला. येथे हातकागद तयार होई. सुधारलेल्या तेलघाणीतून तेल निघे आणि पेंड जनावरांच्या उपयोगी पडे. जवळच्या नालवाडी येथील चर्मालयात मेलेल्या जनावरांचे कातडे कमावले जाई. अशा जनावराचे कातडेच नव्हे, तर हाडे, शिंगे, चरबी यांचाही उपयोग करावा, असा या कार्यामागील आग्रह होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही या परंपरेची साक्ष देते.

एकाचा उरलेला, दुसऱ्याचा कच्चा माल

आपल्या जिल्ह्यातील जिनिंगचा धंदा हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. एक क्विंटल कापसातून साधारणपणे एकतृतीयांश रुई मिळते. उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. या सरकीपासून तेल आणि पेंड मिळते, म्हणून तिला कोणी कचरा म्हणत नाही. शेतात उरणाऱ्या पऱ्हाटीला मात्र अजून अनेक ठिकाणी काडी लावली जाते. वस्तुतः तिच्यापासून इंधनाच्या कांड्या, दाबीव फळ्या आणि खत तयार करता येते.

मोठ्या उद्योगांनाही हाच नियम लागू पडतो. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी धातुमळी पाण्याच्या फवाऱ्याने एकदम थंड केली तर तिचे दाणे होतात आणि ते सिमेंटमध्ये वापरता येतात. तीच सावकाश थंड झाली तर तिची खडी रस्त्याच्या कामी येते. भूगावचा पोलाद कारखाना आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंटचे कारखाने लक्षात घेता ही गोष्ट आपल्यासाठी केवळ पुस्तकी राहत नाही. औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची राखही विटा आणि सिमेंट यांसाठी उपयोगी पडते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के इतके असल्याने केंद्र शासनाने १९९९ पासून अधिसूचनांद्वारे तिचा वापर बंधनकारक केला आहे.

परत न घेता येणारा कचरा

परंतु प्रत्येक टाकाऊ पदार्थ मातीला परत करता येत नाही. बाभळीच्या सालीने कातडे कमावल्यास उरलेला चोथा कुजतो. क्रोमियमच्या क्षारांनी कमावल्यास मात्र तो धातू गाळात राहून जातो. यावरून असे दिसते की, कचऱ्याचे स्वरूप कचराकुंडीपाशी नव्हे, तर कच्चा माल आणि पद्धती निवडतानाच ठरते. वर्धा परिसराखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारे दूषित पाणी कोणत्या विहिरीत उतरेल, हे वरून सांगता येत नाही. आणि एकदा बिघडलेली विहीर सुधारणे अत्यंत कठीण असते.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. त्याखालील घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी अग्रक्रम ठरवून दिला आहे : प्रथम कचरा होऊ न देणे, मग तो कमी करणे, पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट. असा कचरा आवारात सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक साठविता येत नाही.

पंचायतीने काय करावे?

कारखान्यांना संमती देणे व त्यांची तपासणी करणे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. तथापि गावाचे डोळे मंडळापेक्षा जवळ असतात. म्हणून पंचायतीने पुढील गोष्टी कराव्यात :

१. हद्दीतील कारखाने, गॅरेज, वेल्डिंगची दुकाने आणि रंगकामाचे व्यवसाय यांची यादी करून प्रत्येकाकडे काय उरते व ते कोठे जाते, याची नोंद ठेवावी.

२. वापरलेले वंगणतेल, जुन्या बॅटऱ्या व रंगाचे डबे गावच्या कचऱ्यात मिसळू देऊ नयेत. ते अधिकृत संकलकाकडेच जावेत.

३. उद्योगांजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे आणि अहवाल ग्रामसभेत वाचावेत.

४. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एखाद्या स्थानिक उद्योगाचा 'आत काय जाते, बाहेर काय येते' असा तक्ता करून घ्यावा.

या कामांना मोठा निधी लागत नाही. चिकाटी मात्र लागते. गावात येणारा उद्योग रोजगार आणतो, त्याचे स्वागतच झाले पाहिजे. मात्र स्वागत करतानाच उरलेल्या मालाचे काय होणार, हा प्रश्न विचारण्याचा गावाला अधिकार आहे. परवान्याच्या कागदाइतकेच त्या प्रश्नाच्या उत्तरालाही पंचायतीच्या दप्तरात स्थान असावे.