पाऊण डॉलरचा हिशोब

संगणक-सुरक्षेविषयी विद्यार्थ्यांशी बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दुसऱ्याच्या संगणकात शिरायचे कसे, ते सांगा ना!" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु हा ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, त्यांचा दिवस पुष्कळदा शिरण्यात नव्हे, तर न जुळणारी एखादी नोंद शोधण्यात जातो. यासाठी कोणते गुण अंगी लागतात, हे एका जुन्या पण खऱ्या घटनेवरून पाहू.

१९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ काम करीत होते. दुर्बिणीच्या कामाचे अनुदान संपल्यामुळे त्यांची रवानगी संगणक विभागात झाली होती. त्या काळी संगणक महाग असत. एकच यंत्र अनेक जण वापरीत आणि ज्याने जितका वेळ वापरला तितके पैसे त्याच्या खात्यावर मांडले जात. हा हिशोब दोन वेगवेगळ्या आज्ञावली ठेवीत असत. दोन्हींच्या बेरजांत ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक पडला होता. तो का पडला हे शोधण्याचे किरकोळ काम या नवख्या माणसाकडे आले.

पूर्णांकात रूपांतर करताना झालेली ही चूक असेल, असे कोणीही म्हटले असते. स्टोल यांनाही प्रथम तसेच वाटले. पण आज्ञावली तपासली तर ती बिनचूक निघाली. मग कळले की, कोणाच्याही नावे बिल न जाणारे 'हंटर' नावाचे एक खाते यंत्रावर उघडलेले आहे आणि त्याने सुमारे नऊ सेकंद यंत्र वापरले आहे. खाते कोणी उघडले, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आत शिरलेल्या पाहुण्याने केले काय होते? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि बिचारा कावळा ते उबवतो, हे तुम्ही वाचले असेलच. या यंत्रावर दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारी एक छोटी आज्ञावली होती. ती यंत्राच्या सर्वाधिकाराने चालत असे. टपाल एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविणाऱ्या आणखी एका आज्ञावलीत एक उणीव राहून गेली होती. कोणतीही फाइल, जिथे ठेवण्याची परवानगी नाही अशा जागीही, ती मुकाट्याने नेऊन ठेवी. पाहुण्याने तिच्याकरवी मूळ आज्ञावलीच्या जागी स्वतःची बनावट आज्ञावली ठेवली. पाच मिनिटांच्या आत यंत्राने ती 'उबवली' आणि पाहुणा यंत्राचा मालक झाला! नंतर त्याने मूळ आज्ञावली जिथल्या तिथे ठेवून दिली. स्टोल यांनी १९८९ मध्ये या प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही असेच परक्या घरट्यातले अंडे आहे.

ही युक्ती ओळखायची तर यंत्रात कोणती आज्ञावली कोणाच्या अधिकाराने चालते, कोणती फाइल कोणाला बदलता येते, हे मुळातून माहीत हवे. हल्ली तयार साधने वापरायला शिकवणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. साधन वापरता येणे वाईट नाही. पण पाया कच्चा असेल तर साधन जे दाखवील तेवढेच दिसते.

आता पाहुण्यावर नजर ठेवायची होती. यंत्रावरच पहाऱ्याची आज्ञावली बसवली असती, तर सर्वाधिकार मिळालेल्या त्या माणसाला ती दिसली असती. म्हणून एका शनिवार-रविवारी स्टोल यांनी सहकाऱ्यांच्या टेबलांवरून टेलिप्रिंटर आणि टर्मिनले उचलून आणली आणि बाहेरून येणाऱ्या पन्नास तारांना एकेक जोडून टाकले. (सोमवारी सहकारी काय म्हणाले असतील, याची कल्पना करा.) पाहुणा जी कळ दाबी ती कागदावर उमटे. कागद काही त्याला दूर बसून पुसता येत नव्हता!

याच्या जोडीला होती एक वही. केव्हा काय दिसले, कोणाला फोन केला, तो काय म्हणाला, हे सारे वेळेसह तीत लिहिलेले असे. प्रयोगशाळेत निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष वेगवेगळे लिहायला शिक्षक सांगतात, तेव्हा आपण कंटाळतो. खगोलशास्त्रज्ञाला मात्र ती सवय हाडात मुरलेली असते. भौतिकशास्त्राचाही उपयोग झाला : पाठवलेल्या माहितीची पोच यायला लागणारा वेळ त्यांनी मोजला आणि ओळखीच्या अंतरांवरील संगणकांशी तो ताडून पाहिला. विलंब इतका मोठा होता की, पाहुणा अमेरिकेबाहेरचा असावा असा अंदाज बांधता आला.

खरी अडचण निराळीच होती. नुकसान अवघे पाऊण डॉलरचे. तपास यंत्रणा लक्ष देईनात. टेलिफोन कंपनी, पोलीस, लष्कर, गुप्तचर खाते, प्रत्येकाला त्याच्या भाषेत, न कंटाळता, पुनःपुन्हा समजावून सांगावे लागले. नीट लिहिता-बोलता येणे हे या व्यवसायात शोभेचे कौशल्य नव्हे. मुद्दा साहेबाला पटला नाही तर शोध वहीतच राहतो.

माग अखेर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला. तेथील टेलिफोन केंद्र जुन्या यांत्रिक पद्धतीचे असल्याने तार हाताने शोधावी लागे आणि पाहुणा तेवढा वेळ थांबत नसे. मग स्टोल यांनी लष्करी प्रकल्पाच्या खोट्या कागदपत्रांची रास यंत्रावर रचून ठेवली. ती वाचण्यात पाहुणा तासाहून अधिक वेळ रमला आणि सापडला. त्याचे नाव मार्कुस हेस. मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकली जात होती. १९९० मध्ये तो व त्याचे साथीदार दोषी ठरले. त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले होते आणि तिसाहून अधिक यंत्रांत त्याला शिरता आले होते. पुष्कळ ठिकाणी तर परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता.

हे झाले चाळीस वर्षांपूर्वीचे, असे म्हणाल. पण ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आठवा. एटीएममधून येणारी पैशांची विनंती बँकेच्या मुख्य हिशोबापर्यंत पोहोचूच दिली नाही. मधेच बसवलेली बनावट यंत्रणा 'द्या पैसे' असे परस्पर उत्तर देत राहिली. २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी रक्कम काढली गेली आणि दोन दिवसांनी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. एकीकडे पैसे दिल्याची नोंद, दुसरीकडे खात्यात काहीच नाही : न जुळणाऱ्या दोन हिशोबांचीच ही गोष्ट!

वहीचे महत्त्वही कमी झालेले नाही. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशांनुसार संस्थांनी संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, यंत्रांची घड्याळे ठरावीक प्रमाणवेळेशी जुळवायची आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आहे. घड्याळे का? दोन यंत्रांच्या वेळांत तीन मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच सांगता येणार नाही.

ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी पदवीची वाट पाहत बसू नये. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून फाइलींचे अधिकार समजून घ्यावेत. पायथॉनमध्ये लहान लहान आज्ञावली लिहाव्यात. एखादे पान उघडताना जाळ्यातून काय काय जाते-येते, ते पाहावे. मात्र सारे प्रयोग स्वतःच्या यंत्रावर. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळेचा संगणकही 'दुसऱ्याचा'च, हे ध्यानात असू द्या.

शेवटी एक कोडे. एका शाळेत नियम आहे : एकाच खात्यावर तीनदा परवलीचा शब्द चुकला की ते खाते बंद. नोंदवहीत हे दिसते :

११.४० – यंत्र १४ – शिक्षक-१ – चुकला
११.४० – यंत्र १४ – शिक्षक-२ – चुकला
११.४१ – यंत्र १४ – शिक्षक-३ – चुकला
११.४१ – यंत्र १४ – शिक्षक-४ – चुकला
११.४२ – यंत्र १४ – शिक्षक-५ – प्रवेश मिळाला

एकही खाते बंद झाले नाही, कारण प्रत्येक खात्यावर चूक झाली ती फार तर एकदाच. कोणीतरी एकच सोपा शब्द घेऊन ओळीने सगळी दारे ढकलून पाहिली आणि पाचवे उघडले. चुका खात्यानुसार न मोजता यंत्रानुसार मोजल्या असत्या, तर चौथ्या ओळीच्या आतच घंटा वाजली असती. आता समजा, हीच पाच दारे पाच वेगवेगळ्या यंत्रांवरून आणि दोन दिवसांच्या अंतराने ढकलली गेली. मग नोंदवहीतील कोणता रकाना कोणत्या रकान्याशी ताडून पाहाल? वर्गात चर्चा करून पाहा.