टोकन देण्याआधी एवढं ऐक

अगं बाय, तुझा मेसेज वाचला आणि दुकानात काढलेले फोटोही नीट बघितले. 65 इंची ओएलईडी, किंमत पावणेदोन लाखांच्या घरात, आणि पाहुण्यांच्या तो अगदी मनात भरलाय. "ताई, घेऊ का नको, एका शब्दात सांग," असं तू विचारलंस. एका शब्दात सांगते: आत्ता नको. पण का नको, ते मात्र सविस्तर सांगायला हवं. नाहीतर ताईने मोडता घातला एवढंच पाहुण्यांच्या लक्षात राहील.

ऐपतीचा प्रश्न नाही हे मला माहीत आहे. दोघांनी कष्टाने संसार उभा केलाय, हौस करायचा तुम्हाला पुरता हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या पावणेदोन लाखांत जे मिळतं ते तुमच्या घरात, आत्ता जशी मांडणी आहे तशीत, दिसणारच नाही.

दुकानात काय दाखवतात ते आठव. धुळ्याच्या आग्रा रोडवर काय किंवा आमच्या जळगावात काय, सगळीकडे तीच तऱ्हा. टीव्हीचा कोपरा अंधारा ठेवलेला असतो आणि पडद्यावर मधाची धार, फुलांच्या पाकळ्या, रात्रीचं झगमगतं शहर असं फिरत असतं. ते चित्रण कंपनीने मुद्दाम त्या पडद्यासाठी केलेलं असतं. शिवाय रंग आणि उजेड 'व्हिव्हिड' किंवा 'स्टोअर' मोडवर पार टोकाला नेलेले असतात. कुणाचंही मन त्यात अडकेल.

आता तुमच्या घरात काय लागतं? सकाळी आप्पांच्या बातम्या, संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका, पोरांचं यूट्यूब, मॅच असली की क्रिकेट आणि कधीतरी रात्री तुम्हा दोघांचा एखादा सिनेमा. यातलं निम्म्याहून जास्त केबलवरच्या साध्या, म्हणजे एसडी चॅनलवर बघता तुम्ही. एसडीचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असतं. फोरके पडद्यावर 3840 गुणिले 2160 ठिपके असतात. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यापासून टीव्हीला वीस ठिपके तयार करावे लागतात, तेही अंदाजाने. महागडा टीव्ही हे काम जास्त सफाईने करतो, खरं आहे. पण जे चित्रात आलंच नाही ते तो कुठून आणणार? उलट पडदा मोठा झाला की मालिकेतल्या बाईच्या पैठणीचे काठ पसरट आणि चेहरा मेणासारखा दिसायला लागतो. म्हणून पहिलं काम फुकटात नाही तरी स्वस्तात होण्यासारखं आहे: केबलवाल्याला सांगून सासूबाईंच्या आणि आप्पांच्या नेहमीच्या चॅनलांचे एचडी पर्याय सुरू करून घे. सेट टॉप बॉक्स जुना असेल तर एचडीचा मागून घे आणि तो एचडीएमआय केबलनेच जोडलाय ना, तेही बघ. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर अजून कितीतरी घरांत लटकलेली असते आणि लोक टीव्हीला नावं ठेवतात.

दुसरी गोष्ट अंतराची. तुमच्या हॉलमध्ये दिवाण समोरच्या भिंतीला लागून आहे. तिथून टीव्ही नऊ-दहा फुटांवर पडतो. धड डोळ्यांच्या माणसाला 55 इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोरके यांतला फरक साधारण सात फुटांच्या आतूनच कळतो. त्यापलीकडून दोन्ही सारखेच. 65 इंचीला ती मर्यादा साडेआठ फुटांच्या आसपास जाते. तेव्हा फोरकेच्या नावाने जादा पैसे मोजताना दिवाण कुठे आहे तेही मोजावं. पडदा मोठा हवा असेल तर तो आकारासाठी घ्या, मला मान्य आहे. त्याआधी जुने पेपर चिकटवून 65 इंचीच्या मापाचा, म्हणजे साधारण 144 सेंटिमीटर रुंद आणि 81 सेंटिमीटर उंच कागद कर आणि भिंतीला लाव. आठवडाभर तसाच राहू दे. शोकेसचं दार उघडतं का, देव्हाऱ्याकडे जाताना खांदा लागतो का, सगळं आपोआप कळेल.

आता ओएलईडीबद्दल. चित्राच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे मी मनापासून म्हणते. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो आणि बाजूने बघितलं तरी रंग उतरत नाहीत. पण त्याला एक खोड आहे. एकच आकृती एकाच जागी तासन् तास राहिली तर तिथले ठिपके इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि तिची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते. आप्पांचं बातम्यांचं चॅनल डोळ्यांसमोर आण. कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, सकाळी सात ते दहा, रोज. ही झीज टाळायच्या युक्त्या आता टीव्हीतच असतात, पण असा डाग बरेचदा वॉरंटीत धरत नाहीत. घेण्याआधी हे लेखी विचारायला हवं. ज्या घरात रात्री दिवे मालवून सिनेमे बघतात, त्या घरासाठी तो टीव्ही आहे. दिवसा दार उघडं, खिडकीतून उजेड, येणारे-जाणारे, अशा आपल्या हॉलसाठी चांगला एलईडी किंवा जमलं तर मिनी एलईडी जास्त उपयोगाचा. त्याचा उजेड जास्त असतो, उन्हात चित्र फिकं पडत नाही. क्यूएलईडी नावाला भुलू नकोस, तोही मुळात एलईडीच, आत रंग खुलवणारा एक जादा थर असतो एवढंच.

आणि आपला उन्हाळा! कंपन्या हे टीव्ही कुठल्या हवामानाचा विचार करून बनवतात कोण जाणे, पण बहुतेकांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंत दिलेलं असतं. जळगाव-धुळ्याला मे महिन्यात पारा 45च्या आसपास असतो. तुमचा टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर आहे. वरचा स्लॅब तापलेला, भिंत संध्याकाळपर्यंत धगधगते. अशा भिंतीला पातळ टीव्ही अगदी चिकटवून टांगला तर मागची गरम हवा जाणार कुठे? त्यात समोर कूलर. कूलरची ओलसर हवा आणि तिच्यासोबत येणारी धूळ थेट पडद्यावर आणि मागच्या जाळीत जाते. टीव्ही कुठलाही घ्या, भिंत पूर्वेची किंवा आतली निवडा, मागे चार बोटं जागा सोडा आणि कूलरची दिशा वळवा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की प्लग तर काढाच, पण केबलची वायरही काढा. झटका तिच्यातूनही येतो. ओएलईडी उष्णतेने लवकर झिजतो, हेही त्यात धर.

मी तुमच्या घरी आखाजीला आले होते तेव्हा एक गोष्ट बघितली होती. सासूबाई सतरंजीवर बसून मालिका बघत होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "माले काहीच ऐकू येत नही." तुम्ही आवाज वाढवलात तर पार्श्वसंगीत वाढलं, संवाद तिथेच. त्या घरात टीव्हीबद्दलची खरी तक्रार ही आहे, आणि ती नव्या टीव्हीने जाणार नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर छोटे असतात, खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. पावणेदोन लाखांच्या टीव्हीतसुद्धा बहुधा हेच. आमच्याकडे महाबळला आम्ही जुन्याच टीव्हीला साउंडबार लावला, त्यात संवाद ठळक करायचं बटण आहे. आता आमच्या घरातली म्हातारी माणसं शेजारच्या खोलीत कुणी बोललं तरी चिडत नाहीत. दहा-बारा हजारांत बरा साउंडबार येतो. टीव्हीही फार वर टांगलाय तुम्ही, तो फूटभर खाली घे. सतरंजीवरून मान वर करून बघायला लागतं त्यांना, आणि काही एलईडी पडद्यांचे रंग खालून किंवा कडेने बघितले की उतरतात.

टीव्ही हळू चालतो, ॲप उघडत नाही, असं पाहुणे म्हणाले होते ना? त्यालाही उपाय आहे. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक पाच-सहा हजारांत येते, पडदा धड असेल तर त्यावर जुना टीव्ही झक्क चालतो.

आता पैशांचं बोलते, रागावू नकोस. दुकानदार "बिनव्याजी हप्ता" म्हणाला असेल. बिनव्याजी असं काही नसतं, रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना हे बजावून सांगितलं आहे. व्याज कुठेतरी लपलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीने घेतल्यावर मिळाली असती त्या सवलतीत. म्हणून दुकानदाराला आधी रोखीचा शेवटचा भाव विचार, मग हप्त्यांची बेरीज कर. शिवाय तुमच्या घरात निम्मा पैसा कपाशीचा. तो येतो तेव्हा एकदम येतो आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. बियाण्याच्या दिवसांत तो अंगावर येईल. "आजच घ्या, कर वाढेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, ती सरकारची कपात आहे, त्या दुकानाची मेहेरबानी नाही. उन्हाळ्याच्या सुमारास नवी मॉडेलं येतात आणि दसरा-दिवाळीला जुन्या मॉडेलांचे भाव उतरतात. थांबण्यात तुमचं नुकसान काहीच नाही.

जळगावात चार हजार स्वस्त मिळतोय म्हणून इथून घेऊन गाडीत आडवा टाकून एरंडोल-पारोळ्यावरून नेऊ, हा विचार तर सोडूनच दे. एवढा मोठा पडदा उभाच न्यायचा असतो, आडवा ठेवला की वाकून तडा जाऊ शकतो, आणि अशा तड्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. पॅनल गेलं की दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा होतो. जिथे राहता तिथेच घ्या, त्यांच्याच माणसाकडून बसवून घ्या. त्या कंपनीचा माणूस धुळ्यात घरी येतो का, पॅनलची वॉरंटी किती वर्षांची, हे बिलावर किंवा कागदावर घ्या. पक्क्या बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका. पुढे काही अडलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार करायलाही बिलच लागतं.

पाहुण्यांची हौस मला मोडायची नाही. क्रिकेटसाठी त्यांना चांगला टीव्ही हवाय, तो योग्यच आहे. तेव्हा दिवाळीला 55 इंची, खरोखर 120 हर्ट्झचं पॅनल असलेला एलईडी बघा. पळत्या चेंडूमागचं धूसर शेपूट त्यात बरंच कमी होतं. 'मोशन रेट 200' वगैरे आकडे सोडून द्यायचे, पॅनल किती हर्ट्झचं तेवढंच विचारायचं. बघायला जाताना पेनड्राइव्हवर एखादी मालिका आणि मॅचचा तुकडा घेऊन जा, दुकानदाराला मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'होम' करायला लाव आणि मग नऊ फुटांवर उभी राहून बघ. साउंडबार आणि एचडी चॅनलांसह हे सगळं त्या ओएलईडीच्या निम्म्या पैशांत बसेल.

या आठवड्यात फक्त केबलवाल्याला फोन कर आणि सासूबाईंसाठी साउंडबार आण. पाहुण्यांना हे पत्र वाचायला दे, माझं नाव पुढे कर, आणि टोकन मात्र देऊ नकोस.