उरलेल्या चार टक्क्यांचा धडा

राज्ये, करार आणि चळवळी यांचा इतिहास आम्ही वर्गात नेहमीच शिकवतो. संगणकालाही इतिहास आहे. त्यातील एका प्रकरणाचा परिचय येथे करून देण्याचा आमचा मानस आहे.

‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही घोषणा घेऊन अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा जगापुढे आणली. जावात लिहिलेल्या प्रोग्रामचे प्रथम बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात रूपांतर होते. तो बाइटकोड संगणकाला समजावून देणारी व्हर्च्युअल मशीन आणि तिच्यासोबतची लायब्ररी यांना मिळून रनटाइम म्हणतात. रनटाइम हा जणू दुभाषी होय. म्हणूनच ‘कुठेही’ याचा व्यवहारातील अर्थ ‘जेथे दुभाषी पोहोचला आहे तेथे’ एवढाच होता.

लिनक्सवर हा दुभाषी पोहोचला होता, परंतु तो मुक्त नव्हता. ज्या प्रणालीचा सोर्स कोड कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा, तिच्यावर चालणाऱ्या जावाला मात्र ती मुभा नव्हती. आपला प्रोग्राम मुक्त असूनही तो बंदिस्त रनटाइमवर अवलंबून राहतो, या स्थितीला रिचर्ड स्टॉलमन यांनी २००४ साली ‘सापळा’ म्हटले. ग्नू क्लासपाथ या प्रकल्पातील कार्यकर्ते तर १९९८ पासूनच जावाची लायब्ररी स्वतंत्रपणे नव्याने लिहीत होते.

नोव्हेंबर २००६ मध्ये सन कंपनीने जावा मुक्त करण्याची घोषणा केली आणि मे २००७ मध्ये ओपनजेडीके या नावाने बहुतेक कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला. तरीही सुमारे ४ टक्के कोडवर इतरांचे हक्क होते. अक्षरे रेखाटणे, रंगांचे व्यवस्थापन, ध्वनी ही कामे त्यात येत. शिवाय ओपनजेडीके तयार करण्यासाठीच आधीची बंदिस्त जावा लागे! ९६ टक्के हाती येऊनही कुलूप कायम होते.

जून २००७ मध्ये रेड हॅटच्या अभियंत्यांनी आइस्डटी हा प्रकल्प आरंभिला. क्लासपाथमधील कोड घेऊन त्यांनी रिकाम्या जागा भरल्या. मुक्त साधनांनी जावा प्रथम तयार केली आणि मग तिच्याच साह्याने ती पुन्हा घडविली. जून २००८ मध्ये फेडोरा ९ वरील हा रनटाइम जावाच्या अधिकृत सुसंगतता-चाचणीत पूर्णपणे उत्तीर्ण झाला.

मुलांनो, हक्क मिळाल्याची घोषणा ऐकली की किती मिळाले हे जरूर मोजावे. मात्र उरलेले कोणाच्या हाती आहे, हेही विचारावे. क्लासपाथच्या कार्यकर्त्यांची जवळजवळ नऊ वर्षांची मेहनत हाताशी होती, म्हणूनच ती उणीव एका वर्षात भरून निघाली. संगणक कक्षात लिनक्सवर जावाचा पहिला प्रोग्राम चालवाल, तेव्हा या मंडळींचे स्मरण ठेवावे.