औषध चालू ठेवू, श्वासही पाहू

वस्तीत कुणाला कॅन्सर निघाला की घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते, "अमक्या बाबाकडे न्या." हा सल्ला आपण लगेच झिडकारतो. पण कुणी म्हणाले, "केमो सोडा, ध्यान करा, गाठ विरघळेल," तर आपण थबकतो, कारण हा सल्ला धम्माच्या नावाने येतो. आम्ही स्पष्ट सांगतो, ध्यानाने गाठ जात नाही. भगवान बुद्धांनीही आजारपणात जीवक वैद्याचे औषध घेतले होते.

मग ध्यान कशासाठी? संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेमागून येणाऱ्या मनाच्या तळमळीचा. पहिल्यावर डॉक्टर इलाज करतात. दुसऱ्याचा घाव सतीच्या, म्हणजे सजगतेच्या सरावाने हलका होऊ शकतो. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ मध्ये रुग्णांची चिंता आणि उदासी कमी करण्यासाठी हा सराव सुचवला आहे. तोही उपचार चालू ठेवूनच.

सराव सोपा आहे. सलाईन चालू असताना किंवा रात्री झोप लागत नसताना दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहावे. मन भटकले तर न चिडता परत आणावे. श्वास रोखू नये. धाप लागत असेल तर श्वासाऐवजी तळपायाला होणारा जमिनीचा स्पर्श पाहावा. बसवत नसेल तर पडून करावे. भीती वाढली तर डोळे उघडून थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

काही गोष्टी मात्र विसरू नयेत. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुखत असेल तर गोळी घ्यावी. वेदना सोसत बसणे म्हणजे साधना नव्हे. शिबिरासाठी केमोची तारीख चुकवू नये. पैशाअभावी उपचार अडत असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

आजारी भिक्खूला बुद्धांनी स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली होती. आपणही रुग्णाला नुसता उपदेश करू नये. विहारातील वंदना संपली की विचारावे, "ताई, पुढची तारीख कधी? सोबत कोण येणार?"