घटस्फोट आणि मालकाचे कर्तव्य

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम, जेवण व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. घटस्फोटाच्या दुःखातून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला यांतील पहिले व शेवटचे फार उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते.

हिंदू कोड बिल रखडले, या प्रमुख कारणाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली कायदेमंत्रीपद सोडले. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची तरतूद झाली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण कोर्टाची तारीख कामाच्याच दिवशी पडते. अर्नाळ्याहून विरार गाठून लोकलने कामावर जाणाऱ्या भगिनीला त्या दिवशी रजाच मिळाली नाही, तर तिचा हक्क कागदावरच राहतो.

आपल्यापैकी कोणी दुकान चालवतो, कोणी कचेरीत साहेब आहे. आपण तारखेला रजा द्यावी. काही दिवस हलके काम द्यावे. कारण खोदून विचारू नये, कुजबुज होऊ देऊ नये. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सांत्वन सगळेच करतात. रजेच्या अर्जावर सही मालकानेच करायची असते.